लातूर ते कोल्हापूर, पाऊण तास

तेलगावहून कोल्हापूरला विमानानं जायला पहाटेपासून दुपार कलंडेपर्यंत वेळ लागतो, आणि सांगोल्याच्या अलीकडं पंक्चर काढावं लागतं.

हे मी आधीच सांगून ठेवते, कारण मोबाइल तुम्हाला हे सांगणार नाही. मोबाइल सांगतो, पाऊण तास! आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मी म्हणजे तेलगावच्या शाळेत गेली कित्येक वर्षं भूगोल शिकवणारी बाई. अक्षांश, रेखांश, नकाशाचं प्रमाण, हे सगळं मी लेकरांना फळ्यावर काढून दाखवते. (हसू नका. अजून सुरुवात आहे.)

सगळ्याचं मूळ माझी नणंद. रंजनाताई कोल्हापूरला दिली आहे. तिच्या प्रियाचं लग्न ठरलं आणि तिचा फोन आला. आमंत्रण कसलं, टोमणाच होता.

"वैनी, ह्या टायमाला तरी लग्न लागायच्या आधी या बरं का. साखरपुड्याला तुमी आलात तवा आचारी पातेली घासत होते."

खोटं नाही. साखरपुड्याला आम्ही तीन एसट्या बदलत गेलो होतो आणि तिसरी मिरजेला चुकली होती. पण म्हणून सगळ्या सासरच्या माणसांसमोर स्पीकर लावून बोलायचं? मागून कुणीतरी खी खी करून हसलेलं मी स्वतः ऐकलं! शिवाय आमचे हे नवरीचे सख्खे मामा. मामा आल्याशिवाय नवरी मांडवात येते का? मग मामाला असं बोलायचं असतं का?

मी फोन ठेवला आणि रागारागात मोबाइलवर टाइप केलं, 'लातूर ते कोल्हापूर विमान'. आम्हाला जवळचा विमानतळ लातूरचा, हे मला ठाऊक होतं. (भूगोल!) लगेच उत्तर आलं. दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण तीनशे किलोमीटर. उड्डाणाचा वेळ पाऊण तास. शेजारी इवलंसं विमान, आणि लातुरापासून कोल्हापुरापर्यंत एक झोकदार निळी कमान.

त्या कमानीनं माझा घात केला. मी स्क्रीनचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आम्ही या वेळी विमानाने. आईंनाही आणतो. लग्नाच्या आदल्या दिवशी चारला उतरू.'

ग्रुपवर अंगठे, हार, फुलं, नमस्कार, नाचणाऱ्या बाया यांचा पाऊस पडला. रंजनाताईनं नुसतं 'अय्या' लिहिलं. त्या एका 'अय्या'वर मी दोन दिवस जगले.

तेवढ्यात आत्याबाईंनी बातमी गावभर केली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, आवाज पंचविशीतला. विमानाला त्या 'इमान' म्हणतात. पिठाच्या गिरणीवर त्यांनी दळण ठेवलं आणि जाहीर केलं, "आमी इमानानं चाललो कोल्हापूरला. पाऊण तासात. इतक्यात तर तुजं दळण बी हुत न्हाई!"

संध्याकाळपर्यंत आमच्या दारात रांग. एक जण म्हणाला, "आत्या, इमान आमच्या रानावरून गेलं तर बगा बरं, मोटार चालू ऱ्हायलीय का." एका बाईनं केजला दिलेल्या लेकीसाठी लोणच्याची बरणी आणून दिली, म्हणे वाटेत द्या! आणि सगळ्याचा कडेलोट म्हणजे चौकात फ्लेक्स लागला. 'तेलगावची शान! श्रीमती कोंडाबाई यांच्या पहिल्या विमान प्रवासास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांचे पंधरा फोटो. आत्याबाईंचा फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळं त्या कुणाला तरी मारायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. आणि फ्लेक्सवाल्यानं विमान टाकलं होतं ते लढाऊ!

"शोभून दिसतंय," आमचे हे म्हणाले. ह्यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळलेल्या वस्तू बघायची सवय असल्यामुळं माणूस कशानंच हलत नाही. "तिकिटं काढलीस का?"

"काढते की. त्यात काय."

मी बसले. कुठून? लातूर. कुठं? कोल्हापूर. चाक गरगर फिरलं आणि पाटी आली, 'या मार्गावर एकही विमान उपलब्ध नाही.' म्हटलं, त्या दिवशी नसेल. आदला दिवस घातला. नाही. मंगळवार घातला, रविवार घातला, दिवाळी घातली, पुढच्या वर्षीचा उन्हाळा घातला. नाही! विमान नव्हतंच. कुठल्याच दिवशी नव्हतं. निळी कमान तेवढी होती.

"अहो, विमानच नाही म्हणतोय हा."

"मंग पाऊण तास कशाला लागतो?"

"विमान असतं तर लागला असता."

ह्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. थेट मोबाइललाच बोलायला लागले, "कावून बे? इमानच न्हाई तर येळ कावून सांगतो? ज्या गावाला एसटी जात न्हाई, त्या गावचा टाइम कंट्रोलर सांगतो का? मोटारच न्हाई तर पाणी किती इंच पडतं हे मी सांगतो का गिऱ्हाइकाला?"

मला अगदी पटलं. आजही पटतं. विचारलेलं अंतर सांगावं, पण न उडणाऱ्या विमानाचा वेळ मिनिटांसकट सांगायचा, हा काय माणुसकीचा प्रकार झाला?

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी ग्रुप उघडला, तर रंजनाताईचा मेसेज हजर. 'व्याह्यांना सांगितलं. खूप खूश झाले. म्हणाले, आज्जी पहिल्यांदा विमानातून येतायत, आम्ही स्वतः विमानतळावर येणार. हलगी सांगितलीय.'

मुलाचे वडील! हलगी घेऊन! मी मोबाइल पालथा ठेवला.

आत्याबाईंना मात्र सांगणं भाग होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी पदर खोचला.

"सुलभे, चकलांब्याच्या माज्या थोरल्या भैनीला मी फोन करून बसलेय. ती एकदा रेल्वेच्या थंड डब्यात बसली, तवापासून धा वर्सं मला तोंड उघडू देत न्हाई. आता तिला काय सांगू? इमान पळून गेलं म्हून?"

"आई, खरं सांगून टाकू," हे म्हणाले.

"गप ऱ्हा. इमानानं जायचं म्हंजे इमानानं जायचं," आत्याबाई म्हणाल्या, "जीपनं का हुईना!"

ह्या वाक्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करू नका. आम्ही कुणीच केला नाही. ह्यांचे चुलतभाऊ अंकुशभाऊजी, त्यांची जीप ठरली. बेत असा: पहाटे गाव उठायच्या आत निघायचं, कोल्हापूरच्या विमानतळाच्या अलीकडं पेट्रोल पंपावर जीप थांबवायची, पिशव्या घेऊन चालत आत जायचं, आणि कुठल्यातरी दुसऱ्या विमानाची माणसं बाहेर आली की त्यांच्यात मिसळून यायचं. बेत माझा होता. (त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटला होता.)

निघालो. केज, कळंब, बार्शी. ज्वारीचं अर्धं पोतं, कुरडयांचे डबे, लोणच्याची ती बरणी आणि आम्ही. (केजला थांबायची हिंमत झाली नाही. विमानातून बरणी द्यायला कसं उतरलात, असं त्या लेकीनं विचारलं असतं तर?) बार्शीच्या पुढं आभाळ भरून आलं आणि शिंतोडे पडले, तेव्हा अंकुशभाऊजींनी खाली उतरून टपावरच्या सामानावर काहीतरी पांघरलं. काय पांघरलं ते आम्ही कुणी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

सोलापूर ओलांडलं, आणि सांगोल्याच्या अलीकडं फट्कन आवाज झाला. पंक्चर. स्टेपनी बघितली, तर तीही बसलेली. ढकलत ढकलत जीप एका पंक्चरवाल्यापर्यंत नेली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतोय, हे त्याच्या शेजारी उकिडवे बसून सल्ले देतायत, आणि नेमका माझा फोन वाजला. रंजनाताई! मी हात पुसेपर्यंत आत्याबाईंनी उचलला.

"आई, कुठवर आलात? लातूरला पोचलात का?"

आत्याबाईंना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं एकदम मोठंच बोलल्या. "लातूर? लातूर कवाच सुटलं. आमी इमानात हाओत."

मी कपाळावर हात मारला. चारला उतरायचं विमान भर दुपारी जेवणाच्या वेळेला कसं उडेल?

"आत्ताच? चारला म्हणला होतात ना?"

"शिटं भरली, सोडलं."

"अगं, पण विमानात फोन लागतो?"

"आमच्या इमानात लागतो."

तेवढ्यात मागून पंक्चरवाला ओरडला, "मावशी, बाजूला व्हा! हवा भरायचीय!"

फोनमध्ये रंजनाताईचा घाबरलेला आवाज, "आई, कोण हवा भरतंय?"

"हवा भरल्याबिगर इमान उडतं व्हय गं? येडीच हायस. ठिवते. ढग आला."

आणि त्यांनी फोन ठेवला! मी तो हिसकावून घेतला आणि बंदच करून टाकला. ह्यांचाही बंद केला. विमानात फोन बंद असतात, एवढं तरी शास्त्र पाळू म्हटलं. आणि हीच माझी दुसरी घोडचूक. कारण इकडं आम्ही मिरजेच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं मुंगीच्या पावलानं चाललोय, आणि तिकडं रंजनाताईनं हिशोब केला: विमानात बसलेत म्हणजे पाऊण तासात उतरणार! ती व्याह्यांना, होणाऱ्या जावयांना आणि हलगीवाल्यांना घेऊन जेवणाची ताटं तशीच सोडून विमानतळावर पळाली.

पाऊण तास झाला. दीड तास झाला. दोन तास झाले. आईचं विमान आकाशात, फोन बंद, शेवटचे शब्द 'ढग आला'!

आम्हाला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. आम्ही चारच्या सुमाराला पेट्रोल पंपावर उतरलो, तोंड धुतलं, पावडर लावली. ह्यांनी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेतलं. विमानतळाच्या आवारात एक रिकामी ट्रॉली दिसली, तिच्यावर पोतं ठेवलं, वर डबे, वर बरणी. आणि आम्ही भिंतीच्या कडेकडेनं, प्रवासी बाहेर येतात त्या दाराकडं, विमानातून उतरल्यासारखा चेहरा करून निघालो. (असा चेहरा कसा असतो, मला माहीत नव्हतं. मी नाक थोडं वर ठेवलं.)

समोरचं दृश्य बघून मी जागीच थिजले. हलगीवाले हलग्या मांडीवर घेऊन माना खाली घालून बसलेले. रंजनाताई पायरीवर, डोळे सुजलेले, हातात आरतीचं ताट तसंच. आणि पांढरा फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ, म्हणजे आमचे व्याही, दारावरच्या पहारेकऱ्याशी भांडत होते.

"आवो, लातूरचं विमान कुठं हाय ते सांगा की!"

"काका, लातूरहून विमान येत नाही."

"येत न्हाई म्हंजे? निघालंय तिकडनं! दुपारीच निघालंय!"

"काका, तसं विमानच नाही."

"न्हाई म्हंजे काय झालं त्याचं? लपवताय काय आमच्यापासनं? आज्जी हाय त्यात आमची!"

पहारेकरी बिचारा हात जोडून उभा. विमानच नाही हे तो शंभरदा सांगत होता, आणि दर वेळी त्यांना ते आणखी भयंकर ऐकू येत होतं.

आतापर्यंत मला वाटत होतं आपण थोडीशी शोभा वाचवतोय. इथं लेक आईच्या नावानं रडत होती. मी पुढं व्हावं म्हणते, तोवर ट्रॉलीवरची बरणी हातात घेऊन आत्याबाई तरातरा निघाल्यासुद्धा.

"रंजे! आगं मी हितं हाय की! रडायला काय झालं?"

रंजनाताईनं जी मिठी मारली! आरतीचं ताट एकीकडं, बरणी एकीकडं. मायलेकी दोघी रडायला लागल्या, मी रडायला लागले, हलगीवाल्यांना वाटलं हीच वेळ, त्यांनी दणक्यात हलगी सुरू केली. व्याह्यांनी वाकून आत्याबाईंच्या पाया पडून घेतलं. मग सरळ होऊन त्यांनी आम्हाला खालून वर न्याहाळलं. ह्यांच्या सदऱ्यावर ग्रीसचा पंजा. माझ्या पावडरीवर हायवेची लाल माती. आत्याबाईंच्या केसांत उसाचं पाचट.

"आज्जी, विमानात एवढी धूळ?"

"खिडकी उघडी हुती," आत्याबाई म्हणाल्या.

मी म्हणते, एवढ्यावरही निभावलं असतं. हलगीच्या दणक्यात सगळं बुडून गेलं असतं. पण आमचे अंकुशभाऊजी कर्तव्यदक्ष! मामाकडची नवरीची पिवळी साडी जीपमध्ये राहिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, आणि ती पोचवायला त्यांनी हॉर्न वाजवत जीप थेट हलगीसमोर आणून उभी केली. बीडची नंबरप्लेट, चिखलानं माखलेली चाकं. आणि टपावर सामानाला घट्ट बांधलेला, आमच्या चौकातून उतरवलेला तो फ्लेक्स! लढाऊ विमान, रागावलेल्या आत्याबाई, हार्दिक शुभेच्छा!

हलगी थांबली.

"वैनी," अंकुशभाऊजी खिडकीतून ओरडले, "इमानातली पिशवी गाडीतच ऱ्हायलती!"

व्याह्यांनी फ्लेक्स वाचला. पंधरा शुभेच्छुकांसकट वाचला. रंजनाताईनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. म्हटलं, झालं! बीडची माणसं थापाडी, हे आता पोरीला जन्मभर ऐकावं लागणार.

आत्याबाईंनी मात्र मान ताठ केली. "व्याही, इकडं बगा. त्या मोबाइलनं सांगितलं पाऊण तास. आमी इमान लई हुडकलं, मिळालं न्हाई. पर नातीच्या लग्नाला येळेवर येती म्हून कबूल केलतं. पाहाटंपासून त्या जीपड्यात हाडं खिळखिळी झाली माजी. इमान मिळालं न्हाई, पर इमान सोडलं न्हाई! आले का न्हाई हळदीच्या आधी?"

व्याह्यांनी फेटा सावरला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग फेटा हलायला लागला, आणि शेवटी त्यांना पायरीवर बसून हसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "आज्जी, खरं सांगतो, मी बी आजपातूर इमानात बसलेलो न्हाई. मला म्हाईत असतं तर दुपारपासनं त्या पहारेकऱ्याचं डोकं खाल्लं असतं व्हय? पोरानं सवताच्या लग्नाला जेवढं केलं न्हाई, तेवढं तुम्ही केलंय!" आधी त्यांनी स्वागतासाठी आणलेले लाडू त्या पहारेकऱ्याला दिले. मग फ्लेक्स सोडवून जीपच्या नाकावर बांधायला लावला आणि आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. पुढं हलगी, मागं लढाऊ विमान, अशी आमची वरात मांडवात शिरली. प्रिया हळदीच्या पाटावरून उठून धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. पिवळी साडी वेळेवर पोचली. मामाही वेळेवर पोचले.

रंजनाताई माझ्याशी हळद लागेपर्यंत बोलली नाही. हळद लागल्यावर बोलली, ती अजून थांबलेली नाही.

तेलगावात मात्र कुणाला काही कळलं नाही. आत्याबाईंनी परत आल्यावर ढग, धक्के, वरून दिसणारी बारीक बारीक रानं यांचं असं वर्णन केलं, की दुसऱ्या आठवड्यात मलाच शंका यायला लागली, आपण विमानातूनच गेलो की काय! परवा शाळेत आमच्या गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत जवळ सरकल्या. त्यांच्या मिस्टरांबरोबर त्या पहिल्यांदाच विमानानं कुठंतरी निघाल्यात.

"मॅडम, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारते," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "विमानात कान दुखतात का हो?"

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. मी चष्मा पुसला, नाक थोडं वर केलं आणि भूगोलाच्या सगळ्या अधिकारानं म्हणाले, "कानांचं काही नाही हो. कंबर मात्र धरते."